जहाज आधी की जमीन आधी

११ जानेवारी, सकाळी ६.४०
निर्णय झाला. जूनमध्ये उत्तरेची क्रूझ. सात रात्री जहाज, पुढे पाच दिवस जमीन. जहाजावरून बर्फाचे कडे आणि देवमासे. जमिनीवर काचेच्या छपराची ट्रेन, जंगलातलं लाकडी लॉज आणि अस्वल (लांबून). रिटायर होऊन बहात्तर दिवस झाले, आराम पुरे. एकतीस वर्षं बस डेपोत बसून दुसऱ्यांच्या प्रवासाची वेळापत्रकं केली. आता स्वतःचं करायचं.

हिला सांगितलं. ही म्हणाली, बघू. चौतीस वर्षांच्या संसाराचा अनुभव आहे, हिच्या 'बघू'चा अर्थ हो असतो.

नोंद: खालच्या मजल्यावरचे बँकवाले दोन वर्षांपूर्वी जाऊन आले. त्यांनी नुसतं जहाज केलं, जमीन नाही. म्हणजे अर्धंच. तरी जिन्यात भेटले की अजून देवमाशाचा फोटो दाखवतात. फोटोत फक्त पाणी आहे.

१४ जानेवारी
एजंटबाईंकडे जाऊन आलो. बाई हुशार आहेत, पण सल्ले फार देतात. म्हणाल्या, दोन प्रकार असतात, जहाज आधी किंवा जमीन आधी. सगळे जाणकार जमीन आधी घेतात. धावपळ होऊन जाते, मग जहाजावर निवांत पडता येतं.

मी ऐकून घेतलं. डेपोत ड्रायव्हर लोक मला हेच सांगायचे, साहेब, शेवटच्या स्टॉपवर जरा विसावा द्या. मी तो विसावा दहा मिनिटांवरून सहावर आणला. मागून मला 'कात्री' म्हणायचे. म्हणोत बापडे. त्या कात्रीमुळे रोज अकरा फेऱ्या जास्त सुटायच्या.

घरी येऊन दोन तक्ते केले. हिला विचारलं, जहाज आधी की जमीन आधी. म्हणाली, जिथे जास्त बसायला मिळेल ते आधी. विनोदबुद्धी शाबूत आहे हिची.

१९ जानेवारी
जहाज आधी. फायनल. जमिनीच्या तिसऱ्या दिवसापुढे छापील कागदात 'विश्रांती' असं लिहिलं होतं. ते कापलं. तिथे हिमनदीवर चालायचा तीन तासांचा कार्यक्रम बरोब्बर बसतो. एजंटबाईंनी विचारलं, काकूंना झेपेल ना? म्हटलं, तुम्ही काकूंना ओळखत नाही. शाळेच्या युनिफॉर्मच्या सीझनला ही दिवसाला नऊ शर्ट शिवायची.

सध्या मशीन बंद आहे. पाय मारला की धाप लागते म्हणते. सवय मोडली की असंच व्हायचं. वेळ मिळतोय तर पॅकिंगची यादी तरी करावी, तीही नाही.

२७ जानेवारी
हॉलमध्ये खडूने केबिन आखली. सोळा फूट बाय दहा. सोफा अर्धा समुद्रात जातो. दोघांनी दोन तास आत राहून बघायचं ठरवलं, म्हणजे तिथे गेल्यावर अडचण नको. ही पंचवीस मिनिटं बसली आणि भिंत ओलांडून किचनमध्ये गेली. म्हटलं, अगं, समुद्रात पडलीस. म्हणाली, बरं झालं, आता चहा टाकते.

चहा काही टाकला नाही. ओट्याला टेकून नुसती उभी होती. शेवटी मीच केला. जहाजावर चहा आयता मिळतो हे तिला पुन्हा एकदा सांगितलं.

२ फेब्रुवारी, सकाळी ७.३०
फिटनेस. आमचा मजला तिसरा, लिफ्ट नाही, पायऱ्या चोपन्न. लोक यासाठी जिमला पैसे भरतात. आजपासून दोघांनी रोज दोनदा चढ-उतार, स्टॉपवॉच लावून.
मी: १ मिनिट ५ सेकंद.
ही: ४ मिनिटं २० सेकंद.
दुसऱ्या मजल्यावर थांबते. विचारलं, काय बघतेस? म्हणाली, काही नाही, उभी आहे. तिथे थांबू नको म्हटलं, बँकवाले बाहेर येतात.

५ फेब्रुवारी
४ मिनिटं ५० सेकंद. प्रगती उलट्या दिशेने. लक्ष नाही हिचं.

६ फेब्रुवारी
जिन्यात हिला चक्कर आली. पडली नाही, कठडा धरला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी छातीला नळी लावून इतका वेळ ऐकलं की मला वाटलं, बाईंचा डोळा लागला. मग हिला बाहेर बसवलं आणि मला म्हणाल्या, हृदयात नको तो आवाज येतोय. झडपेचा दोष असू शकतो. टू-डी इको करून घ्या, याच आठवड्यात. उशीर करू नका. आणि जिना बंद. चिठ्ठी लिहून दिली.

'असू शकतो' म्हणाल्या. 'आहे' म्हणाल्या नाहीत. नोंद करून ठेवतो.

७ फेब्रुवारी
प्रवासाच्या विम्याचा फॉर्म. कलम नऊ: हृदयाची तपासणी झाली असल्यास निकाल जोडावा. आता निकालात काही निघालं तर विमा नाही. विमा नाही तर जहाजावर पाय ठेवू देत नाहीत. पण तपासणीच झाली नसेल तर निकाल कुठला, आणि जोडायचं काय?

हे माझ्या हातखंड्याचं काम. दोन गाड्या एकाच वेळी एका फलाटावर येत असतील तर एक मागे घ्यायची. रद्द करायची नाही, मागे घ्यायची. इको जूनच्या शेवटी घेतली. परत आल्यावर तिसऱ्या दिवशी, सकाळी दहा. इथे लिहून ठेवली आहे, विसरायचा प्रश्नच नाही.

हिला सांगितलं, डॉक्टरीणबाई म्हणाल्या घाई नाही, ट्रिपहून आल्यावर करा. बरं म्हणाली. तोंडावर एकदम तरतरी आली. रात्रभर भीतीने जागी होती म्हणे. म्हणजे माझ्या सांगण्याने हिला उलट बरंच वाटलं. चिठ्ठी माझ्या पाकिटात आहे.

खोटं बोललेलो नाही. फक्त क्रम बदलला आहे.

८ फेब्रुवारी
डॉक्टरीणबाई जिना बंद म्हणाल्या होत्या. मी निम्मा केला. रोज एकदाच. मधला मार्ग.

१६ फेब्रुवारी
मुलीचा फोन. ती दुसऱ्या शहरात असते, लॅबमध्ये नोकरी, त्यामुळे प्रत्येक गोष्टीचा रिपोर्ट मागते. आईने चक्करचं सांगून टाकलंय. हिच्या पोटात तीळ भिजेल तर शपथ. मुलीने विचारलं, डॉक्टरांनी तपासणी सांगितलीय का? म्हटलं, नाही गं, अशक्तपणा आहे, व्हिटॅमिन चालू आहेत.
चालू आहेतच. मीच आणली केमिस्टकडून.

५ मार्च
थंडीचे कपडे आले. जॅकेट, कानटोपी, हातमोजे, बर्फातले बूट. सगळं अंगावर चढवून हॉलमध्ये फेऱ्या मारल्या. अकरा मिनिटांत घामाने निथळलो. ही हसली. बऱ्याच दिवसांनी हसली, बरं वाटलं. हसता हसता खोकला आला आणि खाली बसली, मग पाच-दहा मिनिटं बसूनच होती.

तिच्या पायात बूट चढेना. पाय सुजलेत. एजंटबाईंना फोन करून एक नंबर मोठे मागवले. अडचण आली की उपाय असतोच, माणसाने डोकं शांत ठेवलं पाहिजे.

२३ मार्च
ही आता तीन उशा लावून बसल्याबसल्या झोपते. आडवी झाली की गुदमरतं म्हणते. हे एका अर्थी चांगलंच. काचेच्या छपराच्या ट्रेनमध्ये रात्रभर बसूनच झोपायचं आहे. मी अजून आडवाच झोपतो, मला सराव करावा लागेल.

आज बॅगांची रंगीत तालीम. जहाज सोडायच्या आदल्या संध्याकाळी बॅगा केबिनच्या दाराबाहेर ठेवायच्या असतात, नियमच आहे. दोन्ही बॅगा भरून दाराबाहेर ठेवल्या. दहा मिनिटांत बँकवाले वर. वहिनींना हॉस्पिटलमध्ये नेताय का म्हणे, गाडी काढू का. काय अभद्र बोलतात माणसं! दुसऱ्याचं जहाजही जमीनही होतंय म्हणून पोटात दुखतं, दुसरं काय.

११ एप्रिल
केमिस्टच्या दुकानात डॉक्टरीणबाई समोर. पळायला जागा नव्हती. इकोचं काय झालं विचारलं. म्हटलं, करतोय. त्या तिथेच थांबल्या. करतोय म्हणजे काय, दोन महिने होऊन गेले, म्हणाल्या. म्हटलं, तारीख घेतलीय. कुठली ते त्यांनी विचारलं आणि तेवढ्यात मला घाई होती.

घरी आलो तर ही दारातल्या खुर्चीवर बसून होती. भाजी आणायला निघाले होते म्हणाली, चप्पल घालून झाली आणि मग राहिलं. तिच्या पायातली चप्पल मीच काढून ठेवली.

ठरवलं: सोमवारी इको. जहाज गेलं खड्ड्यात.

१३ एप्रिल, सोमवार
सकाळी सव्वानऊला एजंटबाईंचा फोन. तिकिटं छापून आली. केबिन समुद्राच्या बाजूची मिळाली, बाल्कनीसकट. बँकवाल्यांना बाल्कनी नव्हती. नऊ आठवडे राहिलेत आता. इतके दिवस काढले तिथे नऊ आठवडे काय!

शिवाय ही आज बरी आहे. भाजी निवडताना गुणगुणत होती. विचारलं, कुठलं गाणं? म्हणाली, गाणं नाही, श्वास आहे.

केमिस्ट बदलला. स्टेशनकडचा लांब पडतो, पण चालणं होतं.

२८ एप्रिल
पासपोर्टच्या तीन-तीन झेरॉक्स. गोळ्यांची डबी, दुर्बीण, डोकं दुखण्याचा बाम. जहाजावरच्या चौदा जेवणांची टेबलं रिझर्व्ह केली, सगळी खिडकीशी. ही हल्ली अर्धी वाटी सूप घेते आणि पुरे म्हणते. तिथली हवा लागली की भूक उघडेल.

९ मे, दुपारी
ही पडली. सकाळच्या जिन्यात, दुसऱ्या मजल्यावर. मी वर पोचून स्टॉपवॉच बंद करायला थांबलो होतो. चार मिनिटं झाली, पाच झाली. सहाव्या मिनिटाला बँकवाल्यांची हाक आली.

त्यांनी आणि त्यांच्याकडे नळ दुरुस्त करायला आलेल्या प्लंबरने हिला खुर्चीत बसवून खाली नेलं. मी पुढे धावून दारं उघडत होतो. हिचे ओठ काळेनिळे पडले होते. बँकवाल्यांनी गाडी काढली, हॉस्पिटलपर्यंत आले, फॉर्म भरेपर्यंत थांबले.

१० मे
इको झाली. दहा मिनिटं लागली. नुसतं छातीवर जेल लावून यंत्र फिरवतात, दुखत नाही की खुपत नाही. मी समजत होतो अख्खा दिवस जातो.

११ मे
मुलगी आली. मोठ्या डॉक्टरांनी तिघांनाही एकदमच सांगितलं. मुख्य झडप अरुंद होऊन जवळजवळ मिटली आहे. तिच्याशी झगडून झगडून हृदय थकलं, ताकद निम्म्याच्याही खाली. ऑपरेशन करावं लागेल, जोखीम मोठी. फेब्रुवारीत आला असतात तर साधं काम होतं म्हणाले. फेब्रुवारीच का म्हणाले कोण जाणे. जानेवारी म्हणता आलं असतं, मार्च म्हणता आलं असतं.

मग त्यांनी विचारलं, आधी कोणी तपासणी सांगितली नव्हती? ही म्हणाली, दाखवलं होतं ना आमच्या डॉक्टरीणबाईंना, त्याच म्हणाल्या घाई नाही. आणि माझ्याकडे बघितलं, 'हो ना' अशा अर्थाने.

मी मान हलवली.

मोठ्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. मुलगी तर पेटलीच. त्या बाईला मी सोडणार नाही म्हणाली. म्हटलं, जाऊ दे, माणूस आहे, चुकतो.

१३ मे
मुलगी डॉक्टरीणबाईंशी भांडायला गेली. अर्ध्या तासात परत आली. बाईंच्या वहीत म्हणे तारखेसकट सगळं लिहिलेलं आहे, आणि केमिस्टच्या दुकानातलंही त्यांना शब्द न् शब्द आठवत होतं.

सरळ आत गेली, आईच्या उशाशी बसली आणि हळू आवाजात सांगत राहिली. मी बाहेर कॉरिडॉरमध्ये. दाराच्या काचेतून दिसत होतं. ही शांतपणे ऐकत होती. मला वाटलं रडेल, मी आत जाईन, काहीतरी म्हणेन. रडली नाही. मुलीने पांघरूण सारखं केलं. माझ्याकडे दोघींनीही बघितलं नाही.

कॉरिडॉरमध्ये सोळा खुर्च्या आहेत. चौथीचा पाय हलतो. मी तिच्यावर बसलो होतो.

१५ मे
हिच्याशी बोलायचा प्रयत्न केला. जहाज आपण कॅन्सल नाही, पुढे ढकलू म्हटलं. सगळं तुझ्यासाठीच होतं म्हटलं. हिने डोळे मिटले. आजारी माणसाला फार बोलायला लावू नये, म्हणून मीच थांबलो.

१९ मे
ऑपरेशन. साडेपाच तास. वाचली.
वाचली. वाचली.

२७ मे
झडप बदलली, पण थकलेलं हृदय पूर्वीसारखं होणार नाही म्हणतात. घरातल्या घरात चालता येईल. जिना आयुष्यभर बंद.
म्हणजे आमचं घर बंद.
बिल्डिंगमध्ये लिफ्ट बसवण्याबद्दल सोसायटीला पत्र लिहायचं ठरवलं आहे. सहा महिन्यांत होऊन जाईल, नेट लावला तर.

२ जून, सकाळी ११
आज बोलली. मुलगी खाली औषधं आणायला गेली होती. हिचा आवाज बारीक झालाय, खुर्ची पुढे ओढून ऐकावं लागलं. जसं म्हणाली तसं लिहितो:

“मी भित्री आहे हे तुम्हाला माहीत होतं. पण जीव माझा होता. मला सांगायचंत, मी माझं ठरवलं असतं.”

मी म्हटलं, तू घाबरून गेली असतीस. म्हणाली, गेले असते. घाबरत घाबरत गेले असते तपासायला.

मग पाणी हवं होतं. मी ग्लास पुढे केला. म्हणाली, ठेवा तिथे, ती आली की घेईन.

५ जून
डिस्चार्ज परवा. मुलीचं घर तळमजल्यावर आहे, तिकडे न्यायचं ठरलं. ठरलं म्हणजे मला सांगण्यात आलं. ठीक आहे. बसून व्यवस्थित प्लॅन केला: ॲम्ब्युलन्सने सात तास, दर पावणेदोन तासांनी थांबा, प्रत्येक थांबा पंधरा मिनिटांचा. पंधरा! डेपोतलं कोणी बघितलं असतं तर विश्वास ठेवला नसता. दोन्ही बॅगा नव्याने भरल्या.

मुलगी म्हणाली, बाबा, खोली लहान आहे. म्हटलं, मी बाहेर सोफ्यावर झोपेन, माझं काय. म्हणाली, आईला विचारा.

विचारलं. ही म्हणाली, “नको.”

औषधं जबर आहेत. माणसाला आपण काय बोलतो ते कळत नाही.

७ जून
गेल्या. ॲम्ब्युलन्स सकाळी आठ दहाला सुटली. स्ट्रेचर आत घेताना मी हिच्या पायाला हात लावून बघितला, सूज पूर्ण उतरली आहे. थांब्यांचा कागद ड्रायव्हरला दिला. त्याने घडी घालून वरच्या खिशात ठेवला. वाचेल वाटेत.

जागा झाली की बोलावतीलच. एक बॅग भरलेलीच ठेवली आहे.

१० जून
एजंटबाईंना सगळं रद्द करायला सांगितलं. त्यांना फार वाईट वाटलं. पुढच्या वर्षी बघू या का म्हणाल्या. म्हटलं, नक्की, आणि नावं दोन्ही तशीच राहू देत. तेव्हा जमीन आधी घेऊ. मोकळेपणाने मान्य करतो, त्यांचा सल्ला बरोबर होता.

१६ जून, दुपारी ४.०५
मुलीकडे फोन केला. रोज चारला करतो. रोज मुलगीच उचलते. सांगत होती, आई आता बागेच्या दारापर्यंत जाते, भूक लागते, दोन वेळा नीट जेवते. म्हटलं, दे जरा हिला. म्हणाली, झोपलीये, बाबा. काल झोपली होती. परवाही झोपलीच होती.

मागून हिचा आवाज अगदी स्पष्ट येत होता. कोणाला तरी सांगत होती, ती खिडकी उघड, पूर्ण उघड. आवाजाला धाप नव्हती.

झोपेत बोलायची सवय पूर्वी नव्हती हिला. नवीन लागली असेल.